हिंगण्याच्या शाळेचा फॉरवर्ड आणि खरी हकीकत

१८ एप्रिल, म्हणजे महर्षी कर्व्यांची जयंती जवळ आली की एक फॉरवर्ड हमखास येतो. त्याचा गोषवारा असा: सनातन्यांनी पुण्यातून हाकलल्यावर कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्याजवळच्या हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधून विधवांचे पुनर्विवाह लावण्यासाठी आश्रम काढला, मग ठाकरसी शेठनी पंधरा लाख दिले, त्यातून मुलींची शाळा आणि विद्यापीठ उभं राहिलं, आणि महाराष्ट्रात मुली शिकू लागल्या त्या इथूनच. खाली हात जोडलेले इमोजी. मजकूर लिहिणाऱ्याची भक्ती खरी असेल, पण हकीकत पार उलटीपालटी झाली आहे.

आधी तो माळ. १८९६ मध्ये विधवांसाठीच्या या आश्रमाची, म्हणजे अनाथ बालिकाश्रमाची संस्था स्थापन झाली ती पुणे शहरात. हिंगण्याला बिऱ्हाड हललं १९०० मध्ये, आणि त्याचं तातडीचं कारण होतं प्लेग. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तिथली सहा एकर जमीन आणि झोपडी बांधायला ७५० रुपये दिले. कर्व्यांवर बहिष्कार होता, टीकाही भरपूर झाली. पण ‘हाकललं’ म्हटलं की जमीन देणारे गोखले गोष्टीतून गायब होतात. झोपडी मात्र खरी. आणि फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून अण्णा, म्हणजे कर्वे, सामानसुमान घेऊन चिखलातून पायी हिंगणं गाठत, हेही खरं.

सर्वांत मोठा घोळ पुनर्विवाहाचा. कर्व्यांनी स्वतः १८९३ मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे आनंदीबाईंशी लग्न केलं आणि त्याच वर्षी विधवाविवाहासाठी संस्थाही काढली. पण आश्रम त्यांनी या चळवळीपासून कटाक्षाने वेगळा ठेवला. तिथे शिकवायचं, पायावर उभं करायचं; लग्नं लावायची नाहीत. तसा नुसता संशय आला असता तरी कुणी आपली विधवा लेक पाठवली नसती. या सावधगिरीची झळ कुणाला बसली? घरातल्याच बाईला. पुनर्विवाहित म्हणून आनंदीबाईंना आश्रमात मोकळेपणाने वावरता येत नव्हतं. त्यांच्या आत्मचरित्रातला तो सल वाचला की कर्व्यांच्या मुत्सद्देगिरीचं कौतुक करताना जीभ जरा अडखळते. याउलट आनंदीबाईंच्या धाकट्या बहिणीने, पार्वतीबाई आठवल्यांनी आश्रमाला वाहून घेतलं. त्या विधवा होत्या आणि पुन्हा लग्न न करण्यावर ठाम होत्या. वर्गणीसाठी गावोगाव फिरल्या, इंग्रजी धड येत नसताना १९१८ मध्ये अमेरिकेपर्यंत गेल्या. फॉरवर्डमध्ये त्यांचं नाव शोधून पाहा, सापडणार नाही.

मुलींची शाळा शेठच्या पैशांतून निघाली म्हणणाऱ्यांनी नुसत्या तारखा लावून पाहाव्यात. आश्रम विधवांचा होता. अविवाहित मुलींसाठी कर्व्यांनी महिला विद्यालय काढलं ते १९०७ मध्ये, पुण्यात, अवघ्या सहा मुलींवर. ते १९११ मध्ये हिंगण्याला आलं. महिला विद्यापीठ सुरू झालं १९१६ मध्ये. त्याआधी जपानच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती पडली होती. विठ्ठलदास ठाकरसींचं पंधरा लाखांचं दान आलं १९२० मध्ये, आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, नाथीबाईंचं नाव लागलं. दान मोठंच होतं, त्याने विद्यापीठाला स्थैर्य आलं. पण तोवर आश्रमाला चोवीस वर्षं झाली होती आणि ती निघाली होती आणे-रुपयांच्या वर्गणीवर.

राहिली ‘इथूनच सुरुवात’. जोतिराव-सावित्रीबाईंची भिडेवाड्यातली शाळा १८४८ ची. हुजूरपागा १८८४ ची. रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक यांनी काढलेली. शिवाय फुल्यांच्या शाळांत महार-मांगांची मुलंमुली होती, तर हिंगण्याच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनी प्रामुख्याने ब्राह्मण घरांतल्या. ‘महाराष्ट्रातल्या मुली’ म्हणताना एवढं तरी ध्यानात असावं.

सगळ्यात खटकतं ते पंडिता रमाबाईंचं नाव गाळणं. त्यांचं शारदा सदन, म्हणजे विधवांना शिकवणारी निवासी शाळा, १८८९ मध्ये मुंबईत निघालं, मग पुण्याला आलं. गोदूबाई तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. पुढे सदनात मुलींना ख्रिस्ती केलं जातं असा गहजब झाला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हिंदू घरांना भरवसा वाटेल अशी सोय हवी, हा विचार कर्व्यांच्या मनात पक्का झाला तो या प्रकारानंतर. ज्या घरात शारदा सदनाची विद्यार्थिनी बायको म्हणून आली, त्याच घरातून अनाथ बालिकाश्रम निघाला.