‘नुसती टिक द्यायला तुमचं काय जातंय?’ : निपाणीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

निपाणीकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री शटर ओढता ओढता वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून तीन दिवस जाऊ दिले.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. विंडोज मारायचा, म्हणजे मशीनवर बसवायचा, पेनड्राइव्ह आपल्याला हवा तसा तयार करून देणारं जे छोटं टूल मी इथे ठेवलंय, त्यात आणखी काय हवं ते कळवा, असं गेल्या दिवाळीत लिहिलं होतं. चाळीसेक मागण्या आल्या. मी सात केल्या आणि बाकीच्यांना साधं ‘बघतो’ही म्हटलं नाही. निपाणीकरांचं म्हणणं असं : मागा म्हणायचं आणि मागितलं की हेडमास्तरासारखं गप्प बसायचं. डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस), अपडेट, स्टोअर काढून टाकणारी ‘लाइट’ टिक द्यायला याचं काय जातंय? ऑटोमॅटिक म्हणवणारं टूल डिस्क विचारायला का थांबतं? सीमाभागात राहून कन्नड कीबोर्ड आधीच टिक केलेला कसा? आणि शेवटी : ‘माझ्या नव्या लॅपटॉपला तर डिस्कच दिसत नाही, टूल बोगस आहे.’

हेडमास्तर हे कबूल. मागण्या मी बिलबुकाच्या मागच्या पानांवर उतरवून घेतल्या होत्या, तिथेच राहिल्या. ‘नाही’ म्हणायचं तर कारण लिहावं लागतं, आणि रात्री साडेनऊला बेळगावच्या शहापुरातलं दुकान बंद करून कारणं लिहायचा मला कंटाळा आला. ही चूक माझीच. पण ज्या मागण्या नाकारल्या त्या कंटाळ्यापोटी नाहीत. त्याची कारणं आज लिहितो.

लाइटपासून सुरू करू. विंडोज एक्सपीच्या काळात एनलाइट (विंडोजच्या सीडीतले नको ते भाग काढून टाकणारं टूल) वापरून मी कशा सीड्या कापायचो, हे मीच फुशारकीनं लिहिलं होतं आणि तुम्ही नेमकं तेच माझ्या तोंडावर मारलंत. त्या लेखात एक गोष्ट सांगितली नव्हती. तेव्हा टिळकवाडीत माझा सायबर कॅफे होता. जुनी मशीनं, रॅम तोकडी. एनलाइटमध्ये ‘भाषा’ असा एक भाग दिसला. आपल्याला इंग्रजी पुरे म्हणून मी तो उडवला. मशीनं पळायला लागली, मी खूश. एक मावशी पुण्यातल्या मुलाची मेल वाचायला यायच्या. एरवी तो रोमन अक्षरांत लिहायचा. एकदा त्यानं पहिल्यांदाच देवनागरीत लिहिलं, आणि स्क्रीनवर नुसत्या चौकटी! मावशींनी चष्मा पुसला, परत बघितलं. मी कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन भारतीय लिप्यांची टिक लावली, तर एक्सपी म्हणाली, सीडी घाला. घातली. ती माझीच कापलेली सीडी. त्यात भाषांचा फोल्डरच नव्हता. मावशी म्हणाल्या, “असू दे, त्यालाच फोन करतो.” त्या दिवशीचे पैसे मी घेतले नाहीत. त्यांनी मात्र जाताना टेबलावर ठेवले.

तेव्हा निदान फाटलेलं लगेच दिसायचं. आता तसं नाही. विंडोज ११ मधले भाग एकमेकांत इतके गुंतलेत, की अपडेटची यंत्रणा किंवा तिला लागणाऱ्या फायली मुळातून उपटल्या तर पहिल्या दिवशी काही बिघडत नाही. मशीन छान चालतं. दोन-चार महिन्यांनी एखादा मोठा अपडेट अर्ध्यावर जाऊन मागे फिरतो, परत येतो, परत फिरतो. तोवर टिक कुणी लावली होती हे माणूस विसरलेला असतो. त्याच्या लक्षात एवढंच असतं की विंडो शहापूरवाल्यानं मारली होती. आयकॉन आणि जाहिराती लपवायची टिक आहे, ती वापरा, ती हवी तेव्हा परत फिरवता येते. आणि खरं सांगू? ‘लाइट’ मागणाऱ्या दहांतल्या आठांच्या मशीनमध्ये फिरती हार्डडिस्क असते. तिथे एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा, मग लाइटची आठवणही येणार नाही.

आता डिस्क. तुम्हाला सगळ्यात जास्त राग या थांबण्याचा आहे, आणि मला सगळ्यात जास्त लिहायचंय तेही यावरच.

टूल काय करतं, तर उत्तरांची एक फाइल लिहून पेनड्राइव्हच्या मुळाशी ठेवतं. सेटअप सुरू झाला की आधी ही फाइल शोधतो. ज्या प्रश्नाचं उत्तर फाइलमध्ये असेल तो विचारत नाही, नसेल तो विचारतो. युजरचं नाव, कीबोर्ड, टाइम झोन हे सगळं आधीच लिहून ठेवता येतं. डिस्कचंही लिहिता येतं : डिस्क शून्य (म्हणजे पहिली, मोजणी शून्यापासून), पूर्ण पुसा, नवीन पार्टिशन करा. माझ्या पहिल्या आवृत्तीत तसंच होतं आणि मला त्याचा अभिमान होता. पेनड्राइव्ह लावा, चहा पिऊन या, विंडोज तयार.

रविवार पेठेतल्या एका भुसार व्यापाऱ्याच्या मशीनला मी नवीन एसएसडी बसवली. जुनी हार्डडिस्क डेटासाठी आतच ठेवली. पेनड्राइव्ह लावला आणि खरोखरच चहाला गेलो. मदरबोर्डच्या लेखी ‘शून्य’ म्हणजे जुनी डिस्क होती, कारण तिची केबल पहिल्या खाचेत होती. मी परत आलो तेव्हा नवी एसएसडी कोरीच होती आणि जुनीवर विंडोज ऐटीत बसत होतं. नऊ वर्षांचा टॅलीचा हिशोब त्याच्याखाली. वर इतकं काही लिहिलं गेल्यावर रिकव्हरीतून निघाली ती अर्धीमुर्धी फायलींची रद्दी. नशिबानं लक्ष्मीपूजनाला पुतण्यानं घेतलेला बॅकअप एका पेनड्राइव्हवर सापडला. पुढच्या पाच महिन्यांची बिलं मी आणि त्यांचे मुनीम रोज संध्याकाळी बसून परत भरली. तांदूळ, तूरडाळ, गूळ, तांदूळ. शेठजी ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “पुसायच्या आधी मशीननं एक शब्द तरी विचारायचं न्हवं काय ओ?”

त्या रात्री मी फाइलमधला डिस्कचा भाग काढून टाकला. उत्तर नाही म्हणून आता सेटअप थांबतो, डिस्कची यादी दाखवतो, आणि माणसानं आकडा वाचून, २५६ जीबी कुठली आणि एक टीबी कुठली हे बघून, स्वतः निवडायचं. याला दहा सेकंद लागतात. ही टिक तुम्हाला मिळणार नाही, निपाणीकर. कॉलेजच्या लॅबमध्ये तीस सारखी मशीनं असतील, प्रत्येकात एकच डिस्क असेल, तर गोष्ट वेगळी. त्यांनी फाइल नोटपॅडमध्ये उघडावी आणि चार ओळी स्वतःच्या हातानं लिहाव्यात. हातानं लिहिताना माणूस जरा विचार करतो.

कन्नड कीबोर्डचं. १ नोव्हेंबरला, सीमाभागातल्या काळ्या दिनाला, माझंही दुकान बंद असतं, तेव्हा तो मुद्दा माझ्यापाशी नको. दुकानात येणारी मशीनं कुणाची असतात ते बघा. मराठी शाळेतल्या पोराला कन्नडचा प्रोजेक्ट टाइप करायचा असतो, ग्रामपंचायतीला अर्ज कन्नडमध्ये द्यायचा असतो, आणि झेरॉक्सवाल्याला तर दोन्ही लागतात. म्हणून इंग्रजी, मराठी, कन्नड असे तीन, विंडोज आणि स्पेसबार दाबला की बदलतात. नको असेल तर टिक काढा, एका क्लिकचं काम. गंमत अशी की उत्तरांच्या फाइलमध्ये कन्नडचा नंबर ०४४बी आणि मराठीचा ०४४ई. मध्ये फक्त मल्याळम आणि असमिया. मायक्रोसॉफ्टच्या यादीत आपण इतके जवळ बसतो.

भाषांच्याच बाबतीत एका वाचकानं कळवलं होतं, की नव्या विंडोजवर जुन्या मंगल फॉन्टमधल्या फायली वेगळ्याच दिसतात. बरोबर आहे. विंडोज १० पासून मंगल हा ऐच्छिक देवनागरी फॉन्टांच्या गठ्ठ्यात गेला. मराठी भाषा जोडली की तो नेटवरून येतो, नेट नसेल तर येत नाही. आता टूल तो गठ्ठा आधीच आत घालतं. मावशींच्या त्या चौकटींची उधारी होती, ती फेडली म्हणा.

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीकडून आलेली मागणीही अशीच खरी गरजेची. तिथे वायफायचा ड्रायव्हर नाही आणि नेट नाही, आणि विंडोज ११ नेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागत अडून बसतं. फाइलमध्ये स्थानिक खातं लिहून तो अडथळा काढलाय. जुन्या मशीनवर ११ बसवायची टिकही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबल्यावर निम्म्या मागण्या त्याच होत्या. तिच्याखाली लाल अक्षरात लिहिलंय, की टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नसलेल्या मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट सांगत नाही. ते वाचा, मग लावा.

एक मागणी मात्र मी मूर्खासारखी बाजूला टाकली. पेनड्राइव्ह बनवायच्या आधी काय काय बदलणार ते एका पानावर दाखवा, अशी. तेव्हा वाटलं, कोण वाचतंय! तुमच्या प्रतिक्रियेनंतर बिलबुक परत चाळलं, तर हीच तीन जणांनी वेगवेगळ्या शब्दांत मागितलेली. पुढच्या आवृत्तीत ती सगळ्यात आधी येईल.

आता तुमचा लॅपटॉप. ‘बोगस’ सोडला तर तुमच्या प्रतिक्रियेतली सगळ्यात कामाची ओळ तीच होती. इंटेल अकराव्या जनरेशनपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या मागे असते. विंडोजच्या सेटअपमध्ये त्याचा ड्रायव्हर नसला तर डिस्कची यादी रिकामी दिसते. एक्सपीत एफ६ दाबून फ्लॉपी द्यायचो, तेच दुखणं परत आलंय. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर आपला मॉडेल नंबर टाकून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, तो उलगडून फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा, आणि डिस्कच्या पानावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो फोल्डर दाखवा. कुणी बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन व्हीएमडी बंद करा म्हणेल. आतलं जुनं विंडोज अजून हवं असेल तर ते करू नका, चालू विंडोज उठायचं बंद होईल.

एवढं करून डिस्क दिसली तर मॉडेल नंबर इथेच लिहा, तो ड्रायव्हर मी टूलमध्येच घालतो. नाही दिसली तर लॅपटॉप घेऊन या, रविवार सोडून कधीही. चार्जर विसरू नका.