जिन्याखालचा फिनलंड

आमच्या सोसायटीत जिन्याखाली दोन फलक आहेत. एकावर पाणी कधी येणार ते लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर फिनलंड. पहिला अण्णा चालवतात, दुसरा मी. अण्णांच्या फलकासमोर सकाळी गर्दी असते. माझ्या फलकासमोर सायकली लावलेल्या असतात.

जुळे सोलापुरात फिनलंडचं काय काम, असं कुणीही विचारेल. विचारतातच. तर थोरली लेक ताम्पेरेला नोकरीला आहे आणि २०१८च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे अकरा दिवस राहून आलो. 'नोव्हेंबरात कशाला येताय?' असं ती म्हणाली होती, पण तिकीट नोव्हेंबरातच स्वस्त होतं. का स्वस्त होतं ते तिथे उतरल्यावर कळलं. सकाळी नऊच्या सुमाराला उजाडायचं आणि दुपारी साडेतीनला दिवेलागण. तिकडच्या भाषेत नोव्हेंबरला 'मर्रासकू' म्हणतात आणि त्या शब्दात मरणाचा अर्थ दडलाय, हे लेकीनं परत निघताना विमानतळावर सांगितलं. थोडक्यात, लोडशेडिंगमध्ये लग्न पाहावं तसा मी फिनलंड पाहिला.

आल्यावर जिन्यात लोक विचारायचे, "काय म्हणतोय परदेश?" मी सांगायचो. पुढे पुढे मी दिसलो की लोक लिफ्टनं जायला लागले, पहिल्या मजल्यावरचेसुद्धा. तेव्हा मी प्लायवूडला हिरवं कापड लावून फलक केला, दर सोमवारी एक फुलस्केप कागद, चारही बाजूंना टाचण्या. लोकांच्या सोयीसाठी, असं मी म्हणतो. बायकोचं म्हणणं वेगळं आहे.

अकरा दिवसांच्या मुक्कामावर मी सहा-सात वर्षं फलक चालवला. याला काटकसर म्हणतात आणि ती मी नोकरीत शिकलो. एकतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिले. पहिलं वर्ष पाहिलेल्या गोष्टींवर निघालं, दुसरं न पाहिलेल्या गोष्टींवर. तिसऱ्या वर्षापासून लेक फोनवर काय बोलते याची मी टिपणं घेऊ लागलो. तिला वाटायचं बाबा किती लक्ष देऊन ऐकतात.

सौनावर मात्र मी सलग पाच सोमवार लिहिलं आणि तरी खरं ते राहूनच गेलं. ते इथे लिहितो. जावईबापू मला सार्वजनिक सौनात घेऊन गेले. लाकडी खोली, तापलेले दगड, त्यावर पळीनं पाणी टाकायचं की वाफेचा लोट अंगावर येतो. पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, अंगावर काही नाही. बसायला खाली एक छोटा टॉवेल तेवढा. आता एकतीस वर्षांची सवय. शेजारी एक धिप्पाड गृहस्थ बसले होते, त्यांच्या खालच्या टॉवेलचं टोक बाहेर आलेलं होतं. मी ते चिमटीत धरलं, टेरीचे लूप मोजल्यासारखे केले, वजनाचा अंदाज घेतला आणि शिक्का कुठला आहे ते बघायला टोक उलटं केलं. सोलापूरचा नव्हता. मान वर केली तर ते गृहस्थ माझ्याकडे बघत होते. उघड्या, अनोळखी माणसाच्या बुडाखालचा टॉवेल असा तपासायचा नसतो, हे मला फलकावर लिहिता आलं नाही. तिथे मी 'सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे आणि सौनाच्या देशात त्याला मोठा वाव आहे' एवढंच लिहिलं.

भिंतीवरच्या तापमापकात ८५ अंश होते. ते गृहस्थ दोनदा बाहेर जाऊन आले, मी हललो नाही. ज्यानं मे महिन्यात सोलापुरात पत्र्याखाली दुपारी झोप काढली आहे त्याला ८५ अंशांचं काय? शेवटी त्यांनी जावईबापूंना विचारलं, हे कुठले? जावई म्हणाले, सोलापूर. त्यांनी मान डोलावली. अकरा दिवसांत फिनिश माणसाशी माझं झालेलं संभाषण ते एवढंच, आणि तेही माझ्याशी नव्हतं.

सौनानंतर समोरच्या तलावात उतरायची पद्धत. फलकावर मी 'तलावात उतरलो' असं लिहिलं. बायकोनं जिन्यात उभं राहून ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, "पाय बुडवला होता. तोही एकच."

तलाव हा आमच्याकडे नाजूक विषय. फिनलंडमध्ये लहानमोठे मिळून सुमारे १,८८,००० तलाव आहेत. हा आकडा मी एका भाबड्या सोमवारी फलकावर टाकला. त्याच दिवशी शेजारच्या फलकावर अण्णांनी 'चार दिवसांआडऐवजी पाच दिवसांआड' असं लिहिलं होतं. लोक एकदा इकडे वाचायचे, एकदा तिकडे. दुपारपर्यंत अण्णांच्या दारात बादल्या घेऊन बायका उभ्या. संध्याकाळी अण्णा आले आणि म्हणाले, "तुमचे तलाव झाका." मी आठवडाभर त्यावर वर्तमानपत्र लावून ठेवलं.

अण्णांचा मूळ आक्षेप मात्र वेगळाच होता. "आपल्या सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस," ते म्हणाले, "१९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जखमींची सेवा केली, तिथलीच मुलगी केली, १९४२ साली तिथेच देह ठेवला. फलक लावायचाच तर चीनचा लावा! फिनलंडशी सोलापूरचं नातं काय?"

मी म्हणालो, "सोलापूरचं नाही, पण महाराष्ट्राचं आहे. १९५२ साली खाशाबा जाधवांनी ब्राँझपदक कुठे जिंकलं? हेलसिंकीला. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक!"

"मग खाशाबांचा फलक लावा."

लावला. महिनाभर कुस्ती चालवली. कराडजवळच्या गोळेश्वरात त्यांची शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती, ते लिहिलं त्या सोमवारी वॉचमननं पहिल्यांदा सायकली बाजूला केल्या. पाचव्या आठवड्याला मी पुन्हा फिनलंडवर आलो आणि सायकली परत आल्या. अण्णांनी जाता जाता ऐकवलं, "कोटणीस चार वर्षं राहिले, काही बोलले नाहीत. तुम्ही अकरा दिवस राहिलात!"

नातं खरं तर आहे. ताम्पेरेत पहिल्याच दिवशी विटांची उंच धुराडी दिसली आणि मी रस्त्यातच थांबलो. फिनलेसन नावाच्या स्कॉटिश माणसानं १८२० साली तिथे कारखाना काढला, पुढे त्याची मोठी कापडगिरणी झाली. एका बाजूला नॅसियार्वी तलाव, दुसऱ्या बाजूला प्यूहायार्वी, दोन्हींच्या पातळीत १८ मीटरचा फरक, त्यामुळे मधून पाणी धो धो वाहतं, आणि त्याच पाण्यावर गिरण्या. माझे वडील इथे सोलापुरात जुनी मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. भोंगा झाला की आई चुलीवर तवा टाकायची. ताम्पेरेतल्या ज्या साचेखात्यात १८८२ साली देशातले पहिले विजेचे दिवे लागले, तिथे आता सिनेमा चालतो. मी आत जाऊन उभा राहिलो. साचे नाहीत, आवाज नाही, रुईचा वास नाही. लाह्यांचा वास आहे. बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, थंडीनं डोळ्यांतून पाणी येतं इथे सगळ्यांच्याच." यावर मी फलकावर कधी लिहिलं नाही. दोनदा बसलो होतो लिहायला.

बाकी विषय किरकोळ. सुखी देशांच्या यादीत फिनलंड २०१८ पासून २०२५ पर्यंत सलग आठ वर्षं पहिला, यावर पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "सुखी असतील, पण मग एकमेकांशी बोलत का नाहीत?" सोंकायार्वी गावात बायकोला पाठीवर घेऊन धावायची जागतिक स्पर्धा होते, अंतर २५३.५ मीटर, आणि जिंकणाऱ्याला बायकोच्या वजनाइतकी बिअर मिळते, हे लिहिलं तेव्हा सोसायटीतल्या तीन पुरुषांनी प्रवेश फीची चौकशी केली. माझी बायको म्हणाली, "आधी गॅसचा सिलिंडर उचलून आत आणा."

एकच वाचक निष्ठावान होती. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मराठीच्या बाई. त्या लाल पेन घेऊन यायच्या आणि कागदावरच शुद्धलेखन तपासून जायच्या. मजकुराबद्दल अक्षर नाही. फिनिश भाषेत १५ विभक्ती असतात हे वाचून मात्र थबकल्या. म्हणाल्या, "आमच्या पोरांना आठ येता येता नववी उजाडायची हो."

दिवाळीत पुतणी आली. ती पुण्यात चित्रकलेचं काहीतरी शिकते. फलकापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "काका, यात डोळ्याला टेकायला जागाच नाही." मी कागदाच्या समासातही आडवं लिहायचो, खरं आहे. कागद काय फुकट येतो? तिनं नवा फलक आखून दिला. हिरवं कापड नाही. पांढरं, निळं. मजकूर चार ओळी. आणि एक तृतीयांश भाग कोरा.

"कोरा कशाला?"

"तोच तर महत्त्वाचा आहे."

जो भाग महत्त्वाचा त्याचेही पैसे चौरस फुटानंच लागतात, हे तिला समजावण्यात अर्थ नव्हता. मी आखणी घेऊन फ्लेक्सच्या दुकानात गेलो. तिथल्या पोरानं मान वर न करता विचारलं, "वाढदिवस का निवड?"

"फिनलंड."

"मयत का?"

"देश आहे."

त्यानं आखणी पाहिली. पांढऱ्यावर निळा क्रूस. "दवाखाना काढलाय काय सर?" मी म्हणालो, त्यांचा झेंडा आहे. "मग फोटो कुणाचा टाकायचा?" कुणाचाच नाही. आता तो खुर्चीत सरळ बसला. "फोटो नाही तर बघणार कोण ओ? तुमचा टाकू की. हात जोडलेला. बॉडी आमच्याकडं हाय, नुसतं तोंड द्या." मी नको म्हणालो. "खाली शुभेच्छुक तरी टाका, लय रिकामं दिसायलंय." शेवटी 'सौजन्य' म्हणून माझं नाव बारीक अक्षरात टाकण्यावर तडजोड झाली. त्यानं ते सगळ्यात मोठ्या अक्षरात टाकलं. ती वेगळी कथा.

खरा घोटाळा मजकुरात झाला. ऱ्हस्व-दीर्घाचं महत्त्व बाईंना पटावं म्हणून मी मोठ्या हौसेनं एक ओळ निवडली होती: 'तुली म्हणजे आग, तूली म्हणजे वारा आणि तुल्ली म्हणजे जकात.' फिनिशमध्ये खरंच असं आहे, एक अक्षर लांबलं की आगीचा वारा होतो. त्या पोराला वाटलं, म्हातारा माणूस, एकच शब्द तीन वेळा तीन प्रकारे चुकलाय. त्यानं दयाबुद्धीनं तिन्ही दुरुस्त केले. नमुना मोबाईलवर आला तेव्हा अक्षरं मोहरीएवढी दिसत होती आणि चष्मा बायकोकडे होता. मी झेंडा निळा आहे ना एवढं बघून 'ओके' कळवलं.

सोमवारी सकाळी सहा बाय चारचा पांढराशुभ्र फ्लेक्स जिन्याखाली झळकला: 'तुळशी म्हणजे आग, तुळशी म्हणजे वारा आणि तुळशी म्हणजे जकात.'

काकू देवपूजा अर्धी टाकून खाली आल्या. "कार्तिक महिना चाललाय, तुळशीचं लग्न तोंडावर आलंय आणि तुम्ही आग म्हणता?" कुणीतरी विचारलं की हा कुठल्या पंथाचा प्रचार आहे. अण्णांनी शांतपणे सगळं वाचलं आणि म्हणाले, "जकात गेली कधीच. जीएसटी म्हणा." मी फिनिश व्याकरण समजावत होतो, पण सकाळी सात वाजता, हातात दुधाची पिशवी असलेल्या माणसाला दीर्घ ऊकाराचं कौतुक नसतं. शेवटी बाई आल्या. त्यांनी वहीचा कागद फाडून तीन चिठ्ठ्या केल्या, लाल पेनानं तुली, तूली, तुल्ली असं लिहिलं आणि खळीनं चिकटवल्या. जाताना 'सौजन्य'खालच्या माझ्या आडनावातली वेलांटीही दुरुस्त करून गेल्या. त्यात चूक नव्हती.

आणि तो कोरा भाग. 'हा बर्फ समजावा' असं मी सगळ्यांना सांगत होतो. मंगळवारी बर्फावर 'येथे गाडी लावू नये' आलं. बुधवारी गणिताचा क्लास. गुरुवारी कुणीतरी पोराची उंची पेन्सिलीनं मोजून ठेवली. त्यातच जिन्याला रंग देताना अण्णांचा फलक रंगाऱ्याच्या शिडीखाली सापडून दुभंगला. अण्णा संध्याकाळी घरी आले, पहिल्यांदाच चहा घेतला आणि म्हणाले, "तुमच्याकडे जागा पडूनच आहे. तात्पुरतं लावतो." बर्फाच्या मधोमध पाण्याचं वेळापत्रक लागलं. त्याला आता चार महिने झाले.

एक सांगतो, आता माझ्या फलकासमोर रोज सकाळी गर्दी असते. सायकली गेल्या. मी गॅलरीतून बघतो, चहा घेत. लोक नेमकं काय वाचतात ते वरून दिसत नाही, आणि मी खाली जाऊन बघतही नाही.

परवा लेकीनं हट्ट धरला म्हणून फलकाचा फोटो काढून पाठवला. चांगला दिवसाउजेडी, झेंडा, तुली-तूली, सगळं नीट यावं असा. तिकडे ताम्पेरेत, दोन तलावांच्या मधोमध बसून, तिनं तो उघडला. पाच मिनिटांत तिचा फोन.

"बाबा, पाणी गुरुवारी पहाटे साडेपाचला केलंय का आता? आईला उठवू नका हं, तुम्हीच मोटर लावा."