शायरर इतिहासकार होते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

हिटलरच्या काळात बर्लिनहून अमेरिकी नभोवाणीसाठी बातम्या देणारे आणि पुढे नाझी राजवटीवर मोठा ग्रंथ लिहिणारे विल्यम शायरर यांच्यावरील माझ्या लेखाला आपण दिलेली सविस्तर आणि सडेतोड प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. आपले म्हणणे मला समजले ते असे. शायरर हे राजकीय बातमीदार होते, इतिहासलेखनाची शिस्त त्यांच्या अंगी नव्हती, म्हणून त्यांना इतिहासकार म्हणणे ही अतिशयोक्ती आहे. १९४० च्या अखेरपर्यंत ते नाझी सेन्सॉरच्या नजरेखाली बर्लिनहून बोलत राहिले, म्हणून साक्षीदार या नात्यानेही ते डागाळलेले आहेत. आणि सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारक ल्यूथर याच्यापासून हिटलरपर्यंत सरळ रेघ ओढणारा त्यांचा सिद्धान्त हे जर्मन इतिहासाचे विडंबन असून त्याकडे मी काणाडोळा केला. जाता जाता आपण असेही सुचवले आहे की नोकरी सुटल्यावर पोटापाण्यासाठी ते इतिहासाकडे वळले. यांपैकी तिसरा आक्षेप मला बव्हंशी मान्य आहे, दुसरा निम्मा मान्य आहे आणि पहिला मुळीच मान्य नाही.

इतिहासकारपण विद्यापीठातील पदावरून ठरवायचे म्हटले तर आपल्याकडे राजवाडे आणि रियासतकार सरदेसाई या दोघांनाही पंगतीतून उठवावे लागेल. कसोटी असायची तर ती एवढीच, की लिहिणाऱ्याने अस्सल कागद पाहिले का, आणि पाहिल्यावर त्यांची उलटतपासणी केली का. नाझी राजवटीचा अंत इतका अचानक झाला की तिचे दप्तर जवळजवळ सगळेच्या सगळे विजेत्यांच्या हाती पडले. एकट्या परराष्ट्र खात्याचे ४८५ टन कागद हार्ट्‌झ पर्वतातील किल्ल्यांत आणि खाणींत सापडले. युद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यातील पुरावे, हाल्डर आणि योडल या सेनानींच्या रोजनिश्या, हिटलरचा उजवा हात असलेल्या गोअरिंगच्या खात्याने टिपून ठेवलेली दूरध्वनी संभाषणे, हे सारे शायरर यांनी अनेक वर्षे खपून वाचले आणि त्यातून १९६० साली ‘द राइज अँड फॉल ऑफ द थर्ड राइश’ हा बाराशेहून अधिक पानांचा ग्रंथ उभा राहिला. त्याच्या तळटिपा कोणीही चाळून पाहाव्यात. बातमीदाराच्या आठवणींचे गाठोडे असे त्याला म्हणता येणार नाही.

परंतु माझा मुद्दा एवढ्यावर थांबत नाही. शायरर यांनी कागद वाचले हे खरेच, पण ते कागद जिथल्या घटनांचे होते तिथे ते स्वतः हजर होते, आणि या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे जे घडले ते केवळ अभ्यासिकेत बसणाऱ्याला साधणे कठीण होते. हिटलरने ऑस्ट्रिया गिळला ती ११ मार्च १९३८ ची रात्र पाहा. शायरर त्या दिवशी व्हिएन्नात होते. ऑस्ट्रियाच्या स्वातंत्र्यावरचे सार्वमत रद्द झाल्याची आणि तिथले चॅन्सलर (सरकारप्रमुख) शुशनिग पायउतार झाल्याची वार्ता पसरताच नाझींचा जमाव रस्त्यावर उतरला, आणि त्या लोंढ्याबरोबर ते जर्मन प्रवासी कचेरीपर्यंत ढकलले गेले, जिथे फुलांनी सजवलेली हिटलरची भलीमोठी तसबीर लावलेली होती. आदल्या दिवसापर्यंत सरकारची नोकरी करणारे पोलीस दंडावर स्वस्तिकाची पट्टी बांधून हसत उभे होते. नभोवाणी केंद्रावर त्यांना बोलू दिले नाही, संगिनी रोखून बाहेर काढले. बातमी सांगण्यासाठी त्यांना विमानाने लंडन गाठावे लागले. हे झाले रस्त्यावरचे दृश्य. त्याच वेळी दूरध्वनीवरून काय चालले होते हे त्यांना कळले ते खटल्यात पुढे आलेल्या संभाषणांवरून: रात्री ८ वाजून ४८ मिनिटांनी गोअरिंगने बर्लिनहून केप्लर या हस्तकाला एका तारेचा मजकूर सांगितला, ज्यात ऑस्ट्रियाचे हंगामी सरकार जर्मन सैन्याची मदत मागत होते, आणि वर असेही बजावले की ती तार प्रत्यक्ष पाठवण्याचीही गरज नाही, ऑस्ट्रियातील नाझी पुढारी झाइस-इंक्वार्टने नुसते ‘मान्य’ म्हटले तरी पुरे. लष्कराला सीमा ओलांडण्याचा हुकूम त्याआधीच सुटलेला होता. ग्रंथातील हे प्रकरण वाचताना रस्ता आणि दूरध्वनी असे दोन्ही एकाच वेळी दिसतात. याला इतिहास म्हणायचे नसेल तर दुसरे काय म्हणायचे, हे आपणच सांगावे.

उलटतपासणीचे उदाहरण याहूनही बोलके आहे. २७ सप्टेंबर १९३८ रोजी संध्याकाळी युद्धाचा ज्वर चढावा म्हणून एक यांत्रिक डिव्हिजन बर्लिनच्या मध्यवस्तीतून फिरवण्यात आली. शायरर कोपऱ्यावर उभे राहून पाहत होते. कचेऱ्यांतून सुटलेले लोक भुयारी रेल्वेच्या जिन्यांत झटपट दिसेनासे होत होते, जे थांबले ते गप्प होते, आणि चॅन्सलरीसमोर, म्हणजे हिटलरच्या कचेरीसमोर, जमलेल्यांची संख्या दोनशेसुद्धा नव्हती. हिटलर आला, त्याने पाहिले आणि चिडून आत निघून गेला. युद्धानंतर त्या वेळचे सेनाप्रमुखांपैकी एक असलेले हाल्डर आणि मंडळींनी असा दावा केला की नेमक्या त्याच सुमारास आम्ही हिटलरला उलथवण्याच्या बेतात होतो, पण ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन हिटलरशी तडजोड करायला म्युनिकला निघाल्यामुळे बेत फसला. हाल्डर यांनी शायरर यांच्या शंकांना पत्रांतून आणि भेटींतून उत्तरे दिली होती, म्हणजे एका परीने ते उपकारकर्तेच. तरीही शायरर यांनी त्यांची सबब तारीखवार तपासली आणि ती पटण्यासारखी नाही असा निष्कर्ष काढला. माहिती देणाऱ्याचे मीठ खाऊनही त्याला प्रश्न विचारणे ही सवय बातमीदारीतच लागते, असे माझे मत आहे.

आता सेन्सॉर. युद्ध सुरू झाल्यापासून त्यांच्या प्रत्येक भाषणाची संहिता परराष्ट्र खाते, प्रचार खाते आणि सैन्याचे मुख्यालय अशा तीन चाळण्यांतून जात असे. आवाजातील चढउतार आणि अमेरिकी बोलीतील खुब्या वापरून ते बरेच काही सुचवत, कारण आरंभीच्या सेन्सॉरांचे इंग्रजी ब्रिटिश वळणाचे होते. पुढे अमेरिकेत राहून आलेले अधिकारी तिथे नेमले गेले आणि ती वाटही बुजली. आपल्यावर हेरगिरीचा खटला रचला जात असल्याची कुणकुण लागली तेव्हा, डिसेंबर १९४० मध्ये, त्यांनी बर्लिन सोडले. त्या निघण्याची हकीकत त्यांनीच नंतर लिहिली आहे. दैनंदिनीची पाने पेट्यांच्या तळाशी, त्यांवर सेन्सॉरचे शिक्के असलेल्या संहिता आणि सर्वांत वर काही लष्करी नकाशे, अशी रचना करून त्या पेट्या ते स्वतःच गेस्टापोकडे, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांकडे, घेऊन गेले. नकाशे जप्त होणार हे त्यांना ठाऊक होते. ते जप्त झाले, शिक्के पाहून अधिकाऱ्यांचे समाधान झाले आणि पेट्यांना गेस्टापोचेच सील लागले. ज्या शिक्क्यांना आपण कलंक मानता त्यांच्याच आड ती दैनंदिनी बाहेर पडली.

या आक्षेपाचा निम्मा भाग मान्य, असे मी म्हटले ते दैनंदिनीपुरते. ‘बर्लिन डायरी’ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि मूळ नोंदींशी ती ताडून पाहणाऱ्या अभ्यासकांना असे आढळले की आरंभीच्या वर्षांतील काही सौम्य वाटणारे उल्लेख गाळले गेले आहेत आणि नंतरचे शहाणपण मागे नेऊन बसवले आहे. त्यामुळे १९३४-३५ मध्ये शायरर यांना नेमके काय वाटत होते हे ठरवण्यासाठी छापील दैनंदिनी अस्सल कागद म्हणून चालणार नाही. तिला बखरीच्या पंक्तीला बसवून वापरावे. मोठा ग्रंथ मात्र तिच्यावर उभा नाही. त्यात दैनंदिनी येते ती मुख्यतः दृश्यांसाठी: जून १९४० मध्ये काँपिएन्यच्या जंगलात हरलेल्या फ्रान्सशी झालेला तह, दुर्बिणीतून टिपलेला हिटलरचा चेहरा. गांधीजींवरचे त्यांचे १९७९ चे पुस्तक तर शीर्षकातच स्वतःला आठवणी म्हणवते. १९३१ मधील भेटींबद्दल सुमारे अर्धशतकाने लिहिलेल्या त्या पुस्तकाला इतिहास म्हणावे असे मीही कोणाला सांगणार नाही.

ल्यूथरपासून हिटलरपर्यंतच्या रेघेबद्दल आपले म्हणणे रास्त आहे. क्लाउस एपस्टाइन यांनी १९६१ मध्येच या ग्रंथावर कडक टीका करून जर्मन भूतकाळाची त्याची समज ढोबळ असल्याचे आणि तत्कालीन संशोधनाकडे त्याने दुर्लक्ष केल्याचे दाखवून दिले होते, आणि ती टीका आजही टिकून आहे. मात्र या दोषाचे खापर बातमीदारीवर फोडता येत नाही. नेमक्या याच रेघेच्या नावाचे पुस्तक १९४१ मध्ये मॅकगव्हर्न या प्राध्यापकाने लिहिले होते, आणि १९४५ मध्ये ए. जे. पी. टेलर यांच्यासारख्या ऑक्सफर्डच्या इतिहासकारानेही जर्मन इतिहासाची बरीचशी तशीच मांडणी केली होती. तो त्या पिढीचा, युद्धाच्या धगीत तयार झालेला समज होता. बातमीदारीचा खरा तोटा वेगळ्याच ठिकाणी दिसतो, आणि आपण त्याचा उल्लेख केला नाही याचे मला थोडे आश्चर्य वाटले. परदेशी वार्ताहराची पावले वकिलाती, परराष्ट्र खाते आणि राइशस्टाग या जर्मन संसदेच्या सभागृहाकडे वळतात, आणि ग्रंथाचे वजनही तिकडेच झुकले आहे. खलिते आणि निर्वाणीचे इशारे यांना शेकडो पाने मिळतात. ज्यूंच्या संहाराला त्याच्या भीषणतेच्या मानाने फारच थोडी जागा मिळते. जर्मन खेडी, कारखाने, शाळा जवळजवळ दिसतच नाहीत. समलिंगी व्यक्तींविषयीची त्यांची भाषा तर आज वाचवत नाही.

नोकरीचे म्हणाल तर नभोवाणीतली ती नोकरी १९४७ मध्ये सुटली आणि १९५० मध्ये ‘रेड चॅनल्स’ या, कम्युनिस्ट असल्याचा संशय असलेल्यांच्या बदनाम यादीत नाव आल्यावर नभोवाणीचे दरवाजे बंदच झाले, हे खरे आहे. त्यानंतर महाविद्यालयांतून व्याख्याने देऊन त्यांनी संसार चालवला. पोटासाठी इतिहास लिहायला बसणाऱ्याने इतकी वर्षे खाणारा विषय कशाला निवडला असता?

विद्यार्थ्यांच्या हाती हा ग्रंथ आज द्यावा का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे, पण सांगून द्यावा. १९३६ ते १९४१ या काळातील राजनीतीची प्रकरणे शायरर यांच्याकडूनच वाचावीत. हिटलरची सत्ता आतून कशी चालत होती यासाठी इयन कर्शॉ यांचे द्विखंडी चरित्र घ्यावे, समाजासाठी रिचर्ड इव्हान्स यांचे तीन खंड. आणि ल्यूथरच्या प्रकरणापाशी एपस्टाइन यांचा लेख जोडीला ठेवावा.