तपासलं की निघतंच

गेला आठवडाभर घरच्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे. वहिनी म्हणते, साखर तपासून घ्या. दादा म्हणतो, "तपासलं की निघतंच काहीतरी. मला काय होतंय बे?" त्यावर चुलतभावांची खी-खी. मे महिन्यात 43 डिग्रीत उघड्या डोक्यानं नवी पेठेत गाडी फिरवणारा माणूस हा, त्याला कोण समजावणार!

मी इथून लांबलचक लिहिलं. इंग्लंडात चाळिशी झाली की दर 5 वर्षांनी सर्जरीतून, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरच्या दवाखान्यातून, बोलावणं येतं. नर्स रक्त घेते, बीपी बघते, वजन करते, अर्ध्या तासात माणूस मोकळा. नाटक नाही, पैसे नाहीत. (दाढेसाठी दीड वर्ष डेंटिस्ट मिळत नाहीये, ते लिहिलं नाही. कशाला लिहू?)

वर थोडी विद्वत्ताही पाजळली. सुझान मिलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1980 च्या दशकात मांडलंय, की संकटाची चाहूल लागली की काही माणसं खोदून खोदून माहिती काढतात, काही मान फिरवून दुसऱ्याच कामाला लागतात. वहिनी पहिल्यातली, दादा दुसऱ्यातला. दादाला धोका कळत नाही असं मुळीच नाही. बाबांचा पाय साखरेनं गेला, आधी अंगठा, मग घोट्यापर्यंत. ड्रेसिंगला रोज त्यांना स्कूटरवर दादाच न्यायचा. पट्टी सुटताना येणारा तो वास त्याला माहीत आहे. मी तेव्हा लेस्टरहून पैसे पाठवत होतो आणि फोनवर "डॉक्टर काय म्हणाले" विचारत होतो.

एवढं सगळं वाचून वहिनीनं दोनच ओळी लिहिल्या. "भाऊजी, तुमची ती पोस्टानं आलेली तपासणी झाली का? मागच्या दिवाळीत म्हणाला होतात."

पन्नाशीनंतर आतड्याच्या कॅन्सरसाठी इथं दर 2 वर्षांनी घरी किट येतं. झाकणाला काडी असलेली बोटाएवढी बाटली. शौचाला काडी लावायची, झाकण घट्ट करायचं, पाकीट लाल पेटीत टाकायचं. पेटी माझ्या दारापासून वीस पावलांवर आहे.

किट किचनच्या ड्रॉवरमध्ये आहे, वहिनीनंच पाठवलेल्या शेंगाचटणीच्या पुड्याखाली. पुडा रोज निघतो.

ग्रुपवर मी "हो, झाली" असं टाकलं. लगेच दादाचा मेसेज आला: "निघालं का बे काही?"