सौभद्र बसवताय? मग एवढं कराच

तुमच्या गावात नाट्यमंडळ असेल, त्याला पन्नास-साठ वर्षं होत आली असतील आणि 'यंदा काहीतरी वेगळं करू या' असा ठराव बैठकीत एकमतानं मंजूर झाला असेल, तर अभिनंदन. तुम्ही 'संगीत सौभद्र' करणार आहात. बैठकीत आधी तासभर दुसरी नावं निघतील. ती निघू द्यावीत, त्यानं लोकशाही टिकते. एखादा तरुण सभासद नवं संगीत नाटक लिहून घेऊ या म्हणेल. त्याला चहा सांगायला पाठवा. तो परत येईपर्यंत सौभद्र ठरलेलं असतं.

मी गेली बावीस वर्षं आमच्या मंडळात प्रॉम्प्टर आहे. रंगमंचावर मला कुणी पाहिलेलं नाही, पण डावीकडच्या दुसऱ्या विंगेतून मी सगळ्यांना पाहिलंय. त्या अधिकारानं चार गोष्टी सांगतो.

सौभद्रासारखं सोयीचं नाटक नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ सालीच गेले, त्यामुळे लेखकाचं मानधन नाही, परवानगी नाही आणि तालमीला येऊन 'हे मी असं लिहिलेलं नाही' म्हणणारं कुणी नाही. गोष्ट सगळ्यांना माहीत: बलरामाला बहीण सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे, बहिणीचं मन अर्जुनावर आहे, कृष्ण मधल्यामध्ये काड्या घालतो आणि अर्जुन खोटा संन्यासी होऊन बलरामाच्याच घरात पाहुणचार झोडतो. गोष्ट माहीत असल्यामुळे ती सांगायची जबाबदारी आपल्यावर उरत नाही. शिवाय मागच्या खेपेचा फ्लेक्स साल बदलून चालतो.

पात्रनिवडीत भावनेला थारा देऊ नका. अर्जुन तरुण होता असं महाभारतात कुठंतरी असेल, मंडळाच्या घटनेत नाही. घटनेप्रमाणे अर्जुन म्हणजे जो गेल्या वेळी अर्जुन होता तो. आमचे अर्जुन बँकेतून निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. हरणाच्या मागं धावल्यासारखे प्रवेश करतात आणि पहिलं वाक्य दम खाऊन घेतात. प्रेक्षकांना ती विरहव्यथा वाटते. फुकट मिळालेला अभिनय परत करू नये. सुभद्रेचंही तेच. गुडघे दुखतात म्हणून त्यांना प्रत्येक प्रवेशात चौरंग लागतो. मग राजवाड्यात चौरंग, उपवनात चौरंग आणि घटोत्कचानं उचलून नेऊन टाकलं त्या घनदाट रानातही चौरंग. रानात चौरंग कुठून आला, असं अजून एकाही रसिकानं विचारलेलं नाही. हीच आपली नाट्यपरंपरा.

आता परंपरेचं निघालंच आहे तर एक सावधगिरीची सूचना. इतिहास फार वाचू नका. वाचला तर भलतंच हाती लागतं. किर्लोस्कर मंडळीत सुभद्रा करणारे भाऊराव कोल्हटकर १८८२ साली १९ वर्षांचे होते. खुद्द अण्णासाहेब चाळिशीच्या आत. सरकारी कचेरीत नोकरी केलेला माणूस, दोनच वर्षांपूर्वी, १८८० च्या ऑक्टोबरात, पुण्यात 'शाकुंतल' करून बसलेला, आणि त्यानं लावणीच्या चाली उचलल्या, कीर्तनातल्या उचलल्या, कानडी उचलल्या, बायकांच्या गाण्यांतल्याही उचलल्या. लोकांच्या तोंडात आधीच असलेल्या चालींवर नवे शब्द बसवले. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही जुनी वृत्तं, सगळं त्यात. शंभरावर पदं आणि तरी नाटक चालायचं, कारण पद म्हणजे गाण्यातलं बोलणं होतं. थोडक्यात, ती पोरं त्या काळातलं एकदम ताजं, खोडकर, चलतीचं काहीतरी करत होती. हे सगळं प्रस्तावनेत वाचून दाखवायला हरकत नाही. नाटकात येऊ देऊ नका.

इतिहासातली एकच गोष्ट मात्र जरूर उचला. १८ नोव्हेंबर १८८२ ला सौभद्र पहिल्यांदा लागलं तेव्हा पाचापैकी तीनच अंक झाले, उरलेले पुढच्या वर्षी आले. आमच्याकडंही प्रयोगाच्या आदल्या दिवसापर्यंत बरोबर तीनच अंक बसलेले असतात. चौथा आणि पाचवा ईश्वरेच्छेनं आणि माझ्या आवाजानं पार पडतो. दिग्दर्शक याला 'मूळ संहितेशी प्रामाणिक राहणं' म्हणतात.

तालमीला साथीदार बोलवू नका, त्यांचे पैसे लागतात. मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा आणि पट्टी ठरवण्याचा प्रश्न प्रयोगाच्या दिवसावर सोडा. कृष्ण काळी एकमध्ये गातो, सुभद्रा पांढरी पाचमध्ये, नारद हवा येईल तसा. ऑर्गन मात्र खराच हवा. त्याशिवाय नाट्यसंगीत होत नाही, यावर आमच्याकडं दोन राजीनामे झालेत. आमचा ऑर्गन एका जुन्या घराण्यातून आलेला, पायानं भाता मारायचा. त्या भात्याला उंदरानं भोक पाडलं तेव्हा वादकांनी औषधाच्या दुकानातून जखमेवर लावायची चिकटपट्टी आणून लावली. त्या दिवसापासून भरल्या भात्याला सूर चांगला येतो, पण तान संपता संपता एक बारीक 'फुस्स' ऐकू येतं. समोरच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी त्याला 'जुन्या वाद्याचा श्वास' म्हटलं. तेव्हापासून ती चिकटपट्टी बदलायची आम्हाला हिंमत होत नाही.

ध्वनिव्यवस्थेवर दोन शब्द. पूर्वीचे नट शेवटच्या माणसापर्यंत मोकळा आवाज फेकायचे, असं आपण भाषणात म्हणतो. म्हटल्यावर लगेच सगळ्यांना कॉलर माइक लावा. अर्जुन यती होऊन आला की त्याची दाढी माइकवर येते. मग रैवतक पर्वतावरचा तो अख्खा प्रवेश कुणीतरी पोत्यावर झाडू मारतोय अशा आवाजात ऐकायचा. एकदा दिग्दर्शकांनी दाढी आखूड करून बघितली. लगेच तक्रार आली: परंपरेत दाढी छातीपर्यंत असते. माइकबद्दल तक्रार आली नाही.

प्रयोगाच्या दिवशी वेळ पाळा, म्हणजे पाहुणे येईपर्यंत थांबा. तिसरी घंटा देऊन झाली असली तरी पाहुण्यांची गाडी वळणावर आहे असा निरोप आला की ती दुसरी होती असं समजावं. नारळ वाढवणं, दीपप्रज्वलन, नटराजपूजन, शाल-श्रीफळ, मग पाहुण्यांचं मनोगत. त्यात 'संगीत नाटक ही मराठी माणसानं जगाला दिलेली देणगी आहे' हे आलंच पाहिजे. हे बोलून ते पहिल्या पदाच्या आत उठून जातील. त्यांच्याबरोबर चार रांगा उठतील. खुर्च्यांचा आवाज आणि नांदी एकदमच सुरू होते. नांदी 'पंचतुंड'चीच घ्या. ती सौभद्राची नाही, शाकुंतलाची आहे, पण ती झाल्याशिवाय लोकांना नाटक सुरू झालंय हे पटत नाही.

आणि आता पदं. इथंच खरी कसोटी. पद तीन मिनिटांत संपत असेल तर गायकाला घराणं नाही असं लोक समजतात. कृष्णानं 'प्रिये पहा' म्हणत रुक्मिणीला उषःकाल दाखवायला घेतला की उजाडून, दुपार होऊन, पुन्हा दिवेलागण व्हायला हवी. रुक्मिणीनं तोवर त्या बाजूला पाहत राहायचं. आमच्या रुक्मिणी मान अवघडली म्हणून मध्येच दुसऱ्या बाजूला पाहू लागल्या, तर कृष्णानं तान न तोडता त्यांची हनुवटी पुन्हा पूर्वेला वळवली. टाळ्या पडल्या. रुसलेल्या बायकोची समजूत काढायचं 'नच सुंदरी करू कोपा' तर इतकं चालतं की तिचा मूळ राग निवळून नवीन येतो.

सुभद्रेचं 'वद जाऊं कुणाला शरण' मात्र अगदी जपून करा. एक मुलगी, नको त्या माणसाशी लग्न ठरतंय, मोठा भाऊ ऐकत नाही, धाकट्याच्या मनात काय चाललंय ते कळत नाही आणि ती विचारतेय की मी कुणाकडं जाऊ. हे प्रेक्षकांच्या ध्यानात आलं तर घोटाळा होईल. म्हणून पहिल्या ओळीनंतर लगेच आलापी. दुसऱ्या ओळीत सरगम. तबलजीशी नजरानजर, समेवर हसू, अंतऱ्यानंतर 'वन्स मोअर'. संकटात सापडलेली मुलगी उठून नमस्कार करते, चौरंगावर नीट बसते आणि पुन्हा पहिल्यापासून संकटात सापडते. एकदा तर तीनदा.

(वन्स मोअरसाठी सातव्या रांगेत आपली दोन माणसं बसवावीत. एकच बसवू नये, एकट्याचा आवाज ओळखू येतो.)

एवढी पदं एवढ्या वेळात म्हणायची तर कुठंतरी काटछाट आलीच. ती संवादांत करा. पूर्वी नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायचं, आता नाट्यगृहाचा माणूस वेळ संपली की दिवे मालवतो. मग यतीला खरा संन्यासी समजून बलराम बहिणीलाच त्याच्या सेवेला लावतो, त्या प्रवेशातली निम्मी गंमत कापा. सूत्रधार आणि नटीची कुरबूर कापा. सुभद्रा सखीशी बोलते ते कापा. लोक गाणी ऐकायला आलेत. मध्ये ती माणसं एकमेकांशी काय बोलतात याच्याशी त्यांना काय करायचंय?

मध्यंतरात बटाटेवडा, आणि वड्यापाशी जाणकार. यांना टाळू नका, यांच्याशिवाय प्रयोग पुरा होत नाही. 'आम्ही बालगंधर्वांचं ऐकलंय हो,' असं एक जण म्हणतीलच. आमच्याकडच्यांचा जन्म १९६१ चा, बालगंधर्व गेले १९६७ ला. हिशेब करत बसू नका. वडा पुढं करा. गंधर्व नाटक मंडळीच्या वेळी गालिचे कसे होते, अत्तराचा फवारा कसा असायचा आणि थिरकवाँसाहेब तबल्यावर असायचे, हे ते डोळे मिटून सांगतील. त्यांचं वर्णन संपलं की तुमच्या प्रयोगाबद्दल विचारा. ते म्हणतील, 'प्रयत्न चांगला आहे.' हे वाक्य पुढच्या फ्लेक्सवर घ्या.

नवीन मुलांना घेतलं नाही असा आरोप होतो, म्हणून एखादी मुलगी घ्या. आम्ही घेतली. कॉलेजात शिकते, गळा चांगला आहे. सुभद्रेच्या सखीचं काम दिलं: पंखा घेऊन उभं राहायचं आणि दोन वाक्यं. दुसऱ्याच तालमीला तिनं विचारलं, 'काका, पण हिला कुणी विचारलंच नाही का, तुला कोण हवाय म्हणून?' तालीम थांबली. दिग्दर्शक म्हणाले, 'बाळ, हे पौराणिक आहे.' ती म्हणाली, 'हो, पण हे तर आमच्या गल्लीतसुद्धा चालतं.' कुणीतरी हसलं. सुभद्राबाई चौरंगावर बसल्या बसल्या म्हणाल्या, 'माझ्या वेळीही विचारलं नव्हतं कुणी,' आणि मग त्याही हसल्या. त्या दिवशी पुढची पंधरा मिनिटं सगळे नाटकाबद्दल बोलत होते. असं होऊ देऊ नका. तालीम मागं पडते.

त्याच मुलीनं त्या संध्याकाळी माझ्याकडं प्रॉम्प्टिंगची वही मागितली. आमची वही जुनी आहे, पिवळी पडलेली, कडेला कुंकू आणि स्पिरिट गमचे डाग. कापलेले सगळे संवाद तिच्यात आहेत, पण ते पेन्सिलीनं आडवी रेघ मारून कापलेत, त्यामुळं नीट वाचता येतात. सुभद्रा सखीशी काय बोलते, तेही. म्हणून शेवटची सूचना: काटछाट करायची तर शाईनं करा, आणि वही कुणालाही घरी नेऊ देऊ नका.

मी दिली. चार महिने झाले. ती परवा भाजीबाजारात भेटली, मी वहीची आठवण केली. म्हणाली, 'अजून दोन जणी वाचतायत, काका.'