आबांची छत्री आणि आभाळातली पाइपलाइन

मंगळवारी दुपारी दीड वाजता औसा तालुक्यातल्या एका शेताच्या कडेला मी टॅब धरून उभा होतो आणि गावच्या नळयोजनेची पाइपलाइन माझ्या डोक्यावर सत्तर मीटर उंच तरंगत होती. लाइन खरी जमिनीखाली मीटरभर. टॅबच्या कॅमेऱ्यातून बघितलं की पायाशी निळी पट्टी दिसावी, तिच्यावर फक्की मारावी, जेसीबीवाल्याने तेवढी जागा सोडून खणावं, एवढंच काम. पट्टी दिसली ती घार फिरते तिथे.

मागून आवाज आला, "म्हंजी पानी वरूनच येनार म्हना की."

हे आबा. वय ऐंशीच्या पुढे, धोतर, टोपी आणि लोखंडी काड्यांची काळी छत्री. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलेलं बघितलेल्या माणसाला पाणी कुठूनही येऊ शकतं हे मान्य असतं. म्हणून मी समजावायला गेलो, आणि चुकलो.

उपग्रहावरून मिळणारी उंची ही समुद्रसपाटीपासूनची नसते. पृथ्वीचा एक गुळगुळीत, गणिती अंडाकार धरलेला असतो, त्याच्यापासूनची ती उंची. खरी समुद्रसपाटी गुरुत्वाकर्षणाप्रमाणे वरखाली होते, आणि आपल्याकडे ती त्या अंडाकाराच्या बरीच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर शंभर मीटरहून जास्त खोल, जगातला सगळ्यात मोठा खळगा. मराठवाड्यात हा फरक साठ-सत्तर मीटरच्या घरात. हापिसातून आलेल्या आकड्यांच्या शीटमध्ये पाइपची पातळी समुद्रसपाटीपासून ६३१, माझा उपग्रहाचा रिसीव्हर मी अंडाकारापासून ५६१ वर उभा आहे म्हणतो. अ‍ॅपने वजाबाकी केली आणि पाइप वीस मजले वर टांगला. उपाय दोन मिनिटांचा: सेटिंगमध्ये जिऑइड मॉडेल, म्हणजे कुठे समुद्रसपाटी अंडाकाराच्या किती वरखाली याचा तक्ता, निवडायचं. पण त्याआधी शीटमधली उंची कोणती हे शीटवर लिहिलेलं असावं लागतं. नव्हतं. ज्या हापिसातून शीट आली तिथे फोन केला, तर पलीकडचा म्हणाला, "उंची म्हणजे उंची, त्यात कोणती काय?" याच हापिसाने मागच्या महिन्यात अंडाकारापासूनच्या उंचीची शीट पाठवली होती, म्हणून मी याही वेळी तीच उंची धरली. शीटच्या डोक्यावर एक ओळ छापायला शाई किती लागते हो?

पाइप जमिनीत गेला. आता दिशा.

एकेचाळीस अंशांचं ऊन. रिसीव्हर दोन मीटरच्या पोलवर, पोलचा बुडबुडा गोलात, फिक्स मिळालेला. फिक्स म्हणजे जागेची चूक एक-दोन सेंटिमीटर. दुरुस्तीचे आकडे मोबाइलच्या नेटवरून येतात, नेटची कांडी गेली की फिक्सचा फ्लोट होतो आणि सेंटिमीटरची वीत होते. पण नेटही होतं. तापला तो टॅब. पडद्यावर तापल्याची सूचना आणि मग काळोख. मी दस्ती भिजवून टॅबच्या पाठीला लावली, तेवढ्यात आबा उठून आले आणि माझ्यावर छत्री धरली.

या माणसाला नाही कसं म्हणायचं?

टॅब चालू झाला. पट्टी आली आणि हळूहळू विहिरीकडे वळायला लागली. टॅबमधलं होकायंत्र आठ अंश फिरलेलं. आठ अंश म्हणजे चाळीस मीटरवर साडेपाच मीटर. होकायंत्र सुधारायला मी टॅबने हवेत आडवे आठचे आकडे काढले. आबांनी विचारलं, "कुनाची दिष्ट काढायलाव?" पुन्हा आठ. पट्टी सरळ झाली, आबा अर्धं पाऊल सरकले, पट्टी पुन्हा वळली. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकत्व चाळीसेक मायक्रोटेस्ला, म्हणजे कुजबुज. जवळ लोखंड आलं की ऐकू येत नाही. आठ काढून सुधारतं ते टॅबबरोबर फिरणारं लोखंड: कव्हरचं चुंबक, आतला स्पीकर. स्वतःच्या मर्जीने फिरणारी छत्री त्यात बसत नाही. त्यात पायाखाली काळा पाषाण, त्याच्यातही मॅग्नेटाइट.

"आबा, छत्री जरा लांब धरता का?"

"उन्हानं मरचाल."

म्हणून होकायंत्राचा नाद सोडायचा असतो, आणि मी तो आधीच सोडायला हवा होता. पोल एका जागी टेकवून बिंदू घ्यायचा, तीस मीटर चालून दुसरा घ्यायचा, दोन बिंदूंच्या रेषेवरून दिशा ठरवायची. दोन्ही टोकांना दोन-दोन सेंटिमीटर चुकलात तरी तीस मीटरवर अंशाचा दहावा हिस्सासुद्धा होत नाही. बाकी जपायचं ते असं: अँटेनाच्या मध्यापासून कॅमेऱ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून भरायचं, अंदाजाने नाही. तुरुतुरु चालायचं नाही, कारण रिसीव्हरचा आकडा सेकंदभर उशिरा आला तर तेवढ्यात तुम्ही सव्वा मीटर पुढे असता. आणि कॅमेरा उसाकडे रोखायचा नाही. कॅमेरा समोरच्या ठिपक्यांवरून स्वतःची जागा ओळखतो. पाती वाऱ्याने हलली की त्याला वाटतं आपणच हललो. शिवाय नकाशाची उत्तर आणि खरी उत्तर लातूरकडे अर्ध्या अंशाने वेगळ्या. अ‍ॅपला हे सांगितलं नाही तर शंभर मीटरवर पाऊण मीटरहून जास्त.

त्या तीस मीटरभर आबा छत्री धरून सोबत. चालता चालता विचारलं, "पन जुन्या नकाशाला ह्ये जुळतंय का?" मी, मूर्ख, खरं बोललो. म्हटलं, जुने आकडे असतील तर सुधारावे लागतात, कारण आपली जमीनच वर्षाला पाचेक सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते. वीस वर्षांत मीटरभर.

आबा थांबले. छत्री थांबली. मी उन्हात.

"जमीन सरकते?"

"हो."

"कोन म्हनतंय?"

"उपग्रह."

"म्हंजी माज्या मेव्हन्याचा बांध मी कोरला न्हाई. जमीन गेली तिकडं."

"आबा, तुमची पण सरकते. त्यांची पण. लातूर, औसा, सगळं मिळून सरकतं. मधलं अंतर तेवढंच राहतं."

"त्याची बी?"

"त्यांची बी."

आबांनी विचार केला. "मंग त्येला ह्ये सांगू नका. मला तेवढं कागदावर लिहून द्या. जमीन सरकते, येवढंच. पुडचं नका लिहू."

पुढची दहा मिनिटं मी पृथ्वीच्या पाठीवरचे भूखंड, आणि आबा १९७२ च्या दुष्काळापासूनचा बांध, असे आपापल्या ठिकाणाहून सरकत होतो. फिक्स दोनदा गेला. माणसाचं अंग म्हणजे पाण्याचा रांजण, अँटेनाला खेटून उभं राहिलं की उपग्रहाचा क्षीण आवाज त्यातच जिरतो. हे सांगितलं असतं तर आबांनी तेही लिहून मागितलं असतं.

शेवटी पट्टी बसली. आता पडताळा. दिशा ठरवताना न वापरलेला तिसरा बिंदू घ्यायचा, आणि तो डोळ्याला दिसणाराच हवा, नाहीतर पडताळणार कशाशी? मी व्हॉल्व्हच्या चेंबरचं झाकण घेतलं. पडद्यावरचं निळं वर्तुळ खऱ्या झाकणावर उतरलं, टेप लावला तर चार सेंटिमीटरचा फरक. तीन तासांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. टॅब आबांसमोर धरला.

त्यांनी पडद्यात बघितलं. मान वर करून झाकणाकडे बघितलं. पुन्हा पडद्यात.

"बरूबर हाय," आबा म्हणाले. "पन ह्ये झाकन तर मला सकाळधरनं दिसायलंय."

जेसीबीवाला हसला. तो तीन तास बिनकामाचा बसून होता आणि त्याचं मीटर चालू होतं, त्यामुळे त्याला हसायला काही अडचण नव्हती. मी फक्की मारत निघालो. पन्नासेक पावलांवर मागून छत्रीची सावली पुन्हा अंगावर आली.

"सायेब, त्ये जमिनीचं तेवढं लिहायचं ऱ्हायलं."