पदनाम राखीव करून कोड सुरक्षित होत नाही

"परवाना नसताना स्वतःला सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणवणे बेकायदेशीर आहे आणि हा कायदा कडकपणे राबवला तर सदोष सॉफ्टवेअरला आळा बसेल," असा दावा सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यामागची तळमळ खरी आहे, पण त्यातले एकेक विधान तपासू लागलो की ते टिकत नाही.

'बेकायदेशीर' हा शब्दच आधी घेऊ. जर्मनीत इंजिनिअर ही उपाधी राज्यांच्या कायद्यांनी राखीव आहे, म्हणजे ठरलेली पात्रता असणाऱ्यांनाच ती लावता येते. ब्रिटनमध्ये मात्र हा शब्द कोणीही वापरू शकतो, संरक्षण आहे ते 'चार्टर्ड इंजिनिअर' या उपाधीला. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात इंजिनिअरांची नियामक संस्था एका सॉफ्टवेअर कंपनीने 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' हे पदनाम वापरू नये म्हणून न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिची मागणी फेटाळली गेली आणि पाठोपाठ प्रांताने या पदनामाला कायद्यातच सूट दिली.

परवान्याचे म्हणाल, तर अमेरिकेत सॉफ्टवेअर शाखेची स्वतंत्र परवाना-परीक्षा २०१३ मध्ये सुरू झाली, पाच वेळा मिळून ८१ उमेदवार बसले आणि २०१९ मध्ये ती बंद पडली.

खरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. थेरॅक-२५ या कॅनेडियन किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली. टेक्सासमधल्या ऑपरेटरने इलेक्ट्रॉन किरणांच्या 'ई' ऐवजी सवयीने क्ष-किरणांचा 'एक्स' दाबला आणि लगेच पडद्यावरचा कर्सर वर नेऊन तो दुरुस्त केला; पण ही दुरुस्ती आठ सेकंदांच्या आत झाल्यामुळे पडद्यावर बरोबर दिसणारी नोंद यंत्राच्या आतल्या मांडणीपर्यंत पोहोचलीच नाही. उमटला तो फक्त 'मालफंक्शन ५४' हा संदेश, ज्यावरून रुग्णाला काय झाले ते कळणे शक्य नव्हते. आधीच्या यंत्रातली हार्डवेअरची संरक्षक व्यवस्था काढून तिचा भार सॉफ्टवेअरवर टाकलेला होता, आणि हे यंत्र ज्या देशात तयार झाले तिथे इंजिनिअर ही उपाधी तेव्हाही राखीवच होती.

कोड लिहिणारा परवानाधारक असता तर हे टळले असते, असे यावर कोणी म्हणेल. परंतु पदनामाचा कायदा कंपनीला त्याची पाटी बदलून 'प्रोग्रामर' लिहायला लावतो आणि तोच कोड, कोणीही स्वतंत्रपणे न तपासता, रुग्णापर्यंत जाऊ देतो. म्हणून मला कायद्याची सक्ती हवी आहे ती सहीची: रुग्णावर किरण सोडणारा किंवा गाडीचा ब्रेक लावणारा कोड कोणी तपासला हे नावानिशी नोंदलेले असावे आणि त्यात हयगय झाली तर त्या व्यक्तीला पुन्हा अशी सही करता येऊ नये, मग तिचे पदनाम काहीही असो.